आधी आयोवात हवा, मग पुढचं बघू

अमेरिकेचं राष्ट्राध्यक्ष व्हायचं मनावर घेतलंत, उत्तम केलंत. पैसा लागेल, पण तो मागून येतो. आधी हवा लागते. आणि हवा करायला सगळी अमेरिका पालथी घालावी लागत नाही, आयोवा आणि न्यू हॅम्पशायर एवढी दोन राज्यं पुरतात, कारण पक्षाचा उमेदवार निवडायचं मतदान परंपरेने तिथूनच सुरू होत आलंय. २०२० साली डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी पक्षाच्या अधिवेशनात मत देणारे १,९९१ प्रतिनिधी लागत होते. त्यात या दोन राज्यांचे मिळून ६५. उरलेले १,९२६ कुठून आणायचे असा प्रश्न तुम्हाला पडला असेल, तर तुम्ही हिशेबनीस व्हा, उमेदवारी तुमचं काम नव्हे.

निवडणुकीच्या आदल्या वर्षी ऑगस्टात आयोवाच्या राजधानीत, डे मॉइनला, जत्रेला हजेरी लावा. तिथे सुमारे ६०० पौंड लोण्याची गाय ठेवलेली असते. तिच्यासमोर थक्क व्हायचं. थक्क होणं जमत नसेल तर घरी सराव करून जा. मग काडीला खोचलेली पोर्क चॉप हातात घ्यायची आणि कॅमेऱ्यांच्या गराड्यात, तोंड फार न वासता, तिचा लचका तोडायचा. तुमच्या आरोग्यधोरणाचे कागद कोणी वाचणार नाही, हा फोटो मात्र जन्मभर पाठ सोडणार नाही. शाकाहारी असाल तर मक्याचं कणीस आहेच. मक्यापासून इथेनॉल होतं, आणि इथेनॉलवर तुमचा लहानपणापासून जीव आहे, हे ध्यानात असू द्या.

राज्यातल्या ९९ च्या ९९ काउंट्या, म्हणजे तिथले जिल्हे, फिरा, असं जाणकार सांगतात. रिपब्लिकन उमेदवारीच्या शर्यतीतले रॉन डिसँटिस फिरले. २०२४ च्या जानेवारीतल्या मतदानात त्यांच्या पदरात एकही काउंटी पडली नाही. ९८ ट्रम्प यांनी नेल्या आणि उरलेली एक निकी हेली यांनी, तीही एका मताने. विवेक रामस्वामी तर सगळ्या काउंट्या दोन-दोनदा फिरले आणि निकालाच्या रात्रीच शर्यतीतून बाहेर पडले. पण लोकसंपर्क दांडगा झाला, हे मानायला हवं.

आता मुद्द्याचं. तुम्हाला प्रतिस्पर्ध्याला हरवायचं नाहीये, पत्रकारांच्या अंदाजाला हरवायचंय. म्हणून मतदानाच्या आधी आठवडाभर भेटेल त्याच्या कानाला लागा, ‘आमचं काही खरं नाही हो, दोन आकडी टक्के मिळाले तरी देव पावला.’ मग बारा टक्के मिळाले की ती लाट. ज्याला चाळीस मिळतील अशी चर्चा होती आणि अडतीस मिळाले, तो बिचारा खचला, घसरला, त्याच्या गोटात चिंता.

गंमत वाटत असेल तर १९७६ चं आयोवा बघा. पहिला नंबर ‘अजून ठरवलेलं नाही’ म्हणणाऱ्यांचा, सुमारे ३७ टक्के. जिमी कार्टर यांना २८ च्या आसपास. पण ‘ठरवलेलं नाही’ सकाळच्या टीव्ही कार्यक्रमात मुलाखत द्यायला जात नाही. कार्टर त्यासाठी आधीच न्यूयॉर्कात जाऊन बसले होते. विजयी कोण, ते देशाला नाश्त्याच्या वेळी समजलं. १९८४ साली वॉल्टर माँडेल यांनी आयोवात जवळजवळ निम्मी मतं घेतली, गॅरी हार्ट यांनी साधारण १६ टक्के. हवा कोणाची? हार्टची! आठच दिवसांत त्यांनी न्यू हॅम्पशायर मारलं. (उमेदवारी शेवटी माँडेलनाच मिळाली, पण ते फार पुढचं झालं.) आणि १९९२ मध्ये बिल क्लिंटन न्यू हॅम्पशायरात पॉल त्साँगस यांच्याकडून आठेक टक्क्यांनी हरले आणि त्याच रात्री आपण कसे परतून आलो ते हसतमुखाने सांगून मोकळे झाले. त्साँगस जिंकले होते, हे आज कितीजणांना आठवतं?

तेव्हा दुसरे आलात, तिसरे आलात, भाषण विजयाचंच करा. मार्को रुबिओ यांनी २०१६ मध्ये आयोवात तिसरं येऊन ते सुरेख केलं. पुढे वादविवादात एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणाले, प्रतिस्पर्धी ख्रिस क्रिस्टींनी ते तिथल्या तिथे चव्हाट्यावर आणलं आणि न्यू हॅम्पशायरात रुबिओ पाचवे आले. पाठांतर करावं, पण एकापेक्षा जास्त वाक्यांचं. निकालाची वाट बघत बसू नका. २०१२ मध्ये रिक सँटोरम आयोवात ३४ मतांनी पुढे होते हे दोन आठवड्यांनी बाहेर आलं. तोवर मिट रोम्नी आठ मतांच्या विजयाचे हार घालून पुढच्या राज्यात पोचले होते. २०२० मध्ये निकाल कळवायचं अ‍ॅप कोलमडलं, तर पीट बुटिजेज यांनी आकडे यायच्या आत विजय जाहीर करून टाकला. याला म्हणतात प्रसंगावधान.

त्याच वर्षी आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशायरात पाचवे आलेले जो बायडन पुढे उमेदवार झाले, असं कोणी खवचटपणे म्हणेल. दुर्लक्ष करा. साउथ कॅरोलिनात तिथले वजनदार खासदार जिम क्लायबर्न पाठीशी उभे राहिले, कृष्णवर्णीय मतदारांनी भरभरून मतं दिली, तीन दिवसांत बाकीच्यांपैकी काहीजण मैदान सोडून गेले. माणसं वर्षानुवर्षं जोडून ठेवायची असली कटकट तुम्हाला कोणी सांगितलीय?

त्यापेक्षा निकी हेलींचा धडा घ्या. २०२४ मध्ये आयोवात तिसऱ्या येऊन त्यांनी लढत आता आपण आणि ट्रम्प अशा दोघांतच असल्याचं जाहीर केलं. न्यू हॅम्पशायरात डिक्सव्हिल नॉच नावाच्या ठिकाणी मध्यरात्रीच मतदान उरकतात. तिथे सहाच्या सहा मतं त्यांची. शंभर टक्के! राज्य संध्याकाळी ट्रम्पकडे गेलं, पण तोवरचा अख्खा दिवस त्यांचा होता. मग नेव्हाडाच्या मतपत्रिकेवर ट्रम्प नव्हतेच, तर ‘यांपैकी कोणीही नाही’ या पर्यायाने त्यांना ६३ विरुद्ध ३१ टक्क्यांनी पाडलं. अशा वेळी आपण तिथे प्रचारच केला नव्हता, असं सांगायचं.

आणि दुकान गुंडाळायची वेळ आली तर माघार हा शब्द उच्चारू नका. प्रचार ‘स्थगित’ करा. देणी फेडायला वर्गणी गोळा करता येते. विमानवाल्याचं, छपाईवाल्याचं बिल तिच्यातून भागवा आणि बुडवायचीच वेळ आली तर आधी जनमत चाचणीवाल्याचं बुडवा, आकडे त्याचेच चुकले होते.