सहाशे यार्डांवरचा टोल

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा तारेने टांगलेला असे आणि शिपाईमामा त्यावर लोखंडी कांब हाणून तासाचा टोल देत. तो तुकडा कोणत्या जातीच्या पोलादाचा आहे, पुढे कललेला आहे की मागे, असले प्रश्न मामांना कधी पडल्याचे मला आठवत नाही. त्यानंतर चाळीस वर्षांनी टेक्सासमधल्या एका रँचवर तसाच एक तुकडा टांगण्यात माझे सहा शनिवार खर्ची पडले, तेव्हा मामांबद्दलचा माझा आदर बराच वाढला.

माझ्या एका सहकाऱ्याच्या सासऱ्यांची ती रँच. त्यांना मी मनातल्या मनात मालक म्हणतो. त्यांच्याकडे पाहून मला लांब पल्ल्याच्या नेमबाजीचा नाद लागला आणि वयाच्या पन्नाशीत मी ३०८ विंचेस्टर नावाच्या काडतुसाची रायफल घेतली. कोल्हापुरात आईला फोनवर सांगितले, तर ती म्हणाली, "आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ऑलिम्पिकचं पदक आणलं, तू काय आणणार आहेस?" तिला नाही म्हणायला जागाच नव्हती. २०२४ साली पॅरिसला कुसाळे यांनी ज्या निशाणावर कांस्यपदक मिळवले, त्याचे दहा गुणांचे वर्तुळ पन्नास मीटरवर अवघे १०.४ मिलिमीटरचे असते. तेच वर्तुळ त्याच हिशेबाने हजार यार्डांवर नेले, तर साडेसात इंचांची ताटली होते. मी मात्र सहाशे यार्डांवर दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच पत्रा टांगायचे ठरवले होते. ही तफावत आईला न सांगणेच मी पसंत केले.

पत्राच का, तर सहाशे यार्डांवर कागदी निशाणाला भोक पडले की नाही हे दुर्बिणीतूनही नीट कळत नाही आणि दर पाच गोळ्यांनंतर किलोमीटरभराहून अधिक जाऊन-येऊन पायपीट घडते. लोखंड मात्र बोलते. गोळी लागली की ठण् आवाज होतो आणि तो आपल्यापर्यंत पोचायला दीड सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. गोळीच्या प्रवासाचा सेकंदभर त्यात मिळवला, म्हणजे चाप ओढल्यापासून सुमारे अडीच सेकंद माणूस श्वास रोखून पडून राहतो. या अडीच सेकंदांसाठीच लोक या छंदात पैसे घालतात, असे माझे मत आहे.

पहिला पत्रा मी भंगारवाल्याकडून आणला. लोखंड ते लोखंड, हा माझा बाणा. शंभर यार्डांवर तो उभा करून वीस गोळ्या झाडल्या आणि जवळ जाऊन पाहिले, तर त्याचे आप्पेपात्र झाले होते. परत येऊन पुन्हा नेम धरला, तेव्हा गोळीचा एक तुकडा भणभणत माघारी आला आणि मालकांच्या पिकअपच्या दारावर टक् करून आपटला. मालकांनी दार पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता ते घरात गेले. येताना त्यांच्या हातात कॉफी होती.

"नळाखाली चमचा कधी धरला आहे का तुम्ही?" त्यांनी विचारले.

मुद्दा लगेच ध्यानात आला, कारण भांडी घासण्याचे काम आमच्याकडे माझ्याकडेच आहे. नळाखाली पालथे ताट धरले तर पाणी कडेकडेने निघून जाते, पण उताणा चमचा धरला तर तेच पाणी वळून आपल्या सदऱ्यावर येते. कठीण आणि सपाट पोलादावर शिशाची गोळी आपटली, की तिचा भुगा होऊन पत्र्याच्या पृष्ठभागालगत चहूकडे उडतो. पत्र्याला खळगा पडलेला असला, की खळग्याची भिंत तोच भुगा मारणाऱ्याकडे परत पाठवते. साधे लोखंड ब्रिनेल या कठीणपणाच्या मापावर १२०च्या आसपास असते आणि निशाणासाठी वापरतात ते एआर ५०० नावाचे पोलाद त्याच मापावर पाचशेच्या आसपास. हे पोलाद मुळात खाणींतली यंत्रे आणि डंपरचे हौदे झिजू नयेत म्हणून बनवले जाते. त्या शनिवारी आप्पेपात्राची रवानगी भंगारात परत झाली आणि डोळ्यांवरचा जाड चष्मा मी घरी जाईपर्यंत काढला नाही.

खरे पोलाद निवडणे हे लग्नासाठी स्थळ पाहण्यासारखे असते, कारण वरून सगळे सारखेच दिसते. एकाने सांगितले, तीन अष्टमांश इंच जाडी पुरे. दुसऱ्याने अर्ध्या इंचाखाली बोलूच नका म्हणून बजावले. शिवाय कडा कशाने कापल्या तेही पाहायचे असते. या पोलादाला कोयत्यासारखे पाणी पाजलेले असते, त्यामुळे गॅसच्या ज्योतीने कापलेल्या कडेलगत ते पाणी उतरून पोलाद मऊ पडते आणि वेल्डिंग केले तरी तेच होते. म्हणून पाण्याच्या धारेने किंवा लेझरने कापलेला पत्रा बरा. मी तीन अष्टमांश इंचाचा घेतला. त्यामागे शास्त्र कमी आणि कंबर जास्त होती. दीड फूट बाय दोन फूट आकाराचा तो पत्रा भरला शेहेचाळीस पौंड, म्हणजे एकवीस किलो. विमानात बॅगेला तेवीस किलो चालतात, या एकाच मापाने अमेरिकेतला मराठी माणूस जगातली सगळी वजने तोलतो. या पत्र्यासोबत दोन किलो बाकरवडी अजून बसली असती, हे मला घरच्या काट्यावरच कळले.

गोळ्यांचीही परीक्षा झाली. तांब्याच्या पापुद्र्याखाली लोखंड दडवलेल्या गोळ्या स्वस्त मिळतात, पण त्यांतल्या काहींचा गाभा इतका कठीण असतो, की चांगल्या पोलादालाही त्या खळगे पाडतात. चुंबकाला जी चिकटेल ती बाद, हा सोपा नियम. घरात चुंबक एकच होता, आमच्या फ्रिजवरचा गणपतीपुळ्याचा. मी हॉलमध्ये मांडी घालून एकेक गोळी बाप्पांना दाखवत होतो, तेव्हा बायको दारात येऊन उभी राहिली. "अरे, चार वर्षं झाली, बाबांचा फोटो भिंतीला टांगायचा राहिलाय," एवढेच ती म्हणाली आणि गेली. स्वस्तातला आख्खा डबा बाप्पांना चिकटला आणि बाद झाला.

आता टांगणे. मागे उंच टेकाड हवे, म्हणजे चुकलेली गोळी मातीत जिरते. (माझ्या बाबतीत ही तरतूद पुढे फार कामाला आली.) मालकांकडे कुंपणाचे टी आकाराचे लोखंडी खांब होते. तिथल्या मुरमात ते दोन खांब ठोकताना माझ्या तळहातांना जे फोड आले, ते सोमवारी मीटिंगमध्ये झाकावे लागले. आडव्या दांड्याला मी साखळीने पत्रा टांगला आणि साखळ्या दोन्ही बाजूंना ऐटीत समोर दिसतील अशा सोडल्या. त्यातली एक मालकांच्या तिसऱ्याच गोळीने तुटली आणि एका कानात बाळी घातल्यासारखा पत्रा तिरका लोंबू लागला. साखळीची कडीही उडून कुठल्या कुठे गेली, तेव्हा साखळी हा प्रकारच बाद झाला.

मग कळले, की जाणती मंडळी आगीच्या बंबाच्या जुन्या होजच्या पट्ट्या वापरतात. त्या नरम असतात, भुग्याने एकदम तुटत नाहीत आणि पत्र्याला नीट झुलू देतात. पत्र्याच्या चौकोनी भोकात चौकोनी मानेचा, गोल टोपीचा बोल्ट घालायचा, म्हणजे तो जागच्या जागी गरगर फिरत नाही. मागे पट्टी, मग जाड स्प्रिंग, वॉशर आणि नट. नट आवळला, की पत्र्याची वरची कड किंचित पुढे येते, तोंड खाली झुकते आणि भुगा जमिनीकडे जातो. हे लिहायला दोन ओळी लागतात. प्रत्यक्षात एकवीस किलोंचा पत्रा गुडघ्यावर तोलून, मागे हात घालून, डोळ्यांना न दिसणाऱ्या बोल्टावर नट चढवायचा असतो. नट पडतो. तो गवतात पडतो. त्या गवतात रॅटलस्नेक असू शकतो, म्हणून नट आधी काठीने शोधायचा असतो. मी पाच नट नेले होते आणि शेवटी दोन बसवले.

पुढल्या शनिवारी पाहिले तर खांब आडवे. गायींनी आठवडाभर त्यांना अंग घासून आपली खाज भागवली होती. मालकांच्या मते खांब भक्कम नव्हते. गायींचा दोष त्यांनी मान्य केला नाही. पुन्हा मुरूम, पुन्हा फोड.

सहाव्या शनिवारी सगळे जुळून आले. पत्र्याला पांढरा स्प्रे मारला, गायी दुसऱ्या कुरणात हाकलल्या आणि मी पालथा पडलो. आडवा वारा ताशी दहा मैलांचा असला, तर माझी गोळी सहाशे यार्डांवर अडीच-तीन फूट ढकलली जाते, म्हणजे पत्र्याच्या रुंदीपेक्षा जास्त. पहिल्या सहा गोळ्या टेकाडाने पोटात घेतल्या. सातवीच्या वेळी वाऱ्याचा अंदाज थोडा वाढवला आणि चाप ओढला. अडीच सेकंद गेले. पाचही गेले. मी मान खाली घातली, तर मालक माझ्या खांद्यावर थाप मारत हसत होते. त्यांच्या कानांवर बॅटरीची कानटोपी होती, जी बंदुकीचा धमाका अडवते आणि बारीक आवाज वाढवून ऐकवते. माझ्या कानांत फोमची बोंडे आणि त्यांवर साधी कानटोपी अशी दुहेरी तटबंदी होती, आणि त्या तटबंदीतून ठण् आत आला नव्हता.

रायफलचा बोल्ट, म्हणजे तिची मागची खिटी, उघडा ठेवून ती मालकांच्या स्वाधीन केली आणि मी सहाशे यार्ड चालत गेलो. पांढऱ्या रंगावर उजव्या कडेपासून तीन बोटांवर रुपयाएवढा करडा डाग होता. बोट फिरवून पाहिले, खळगा अजिबात नव्हता. कानातली बोंडे काढून खिशात घातली, दुसऱ्या खिशातून नट आवळण्याचा पाना काढला आणि शिपाईमामा हाणत तसा पत्र्यावर एक टोल हाणला. पलीकडच्या कुरणातल्या गायींनी माना वर केल्या.