पुढचा ब्रेक आणि मागचे सल्लागार

ब्रेकचा लिव्हर दाबल्यावर तो मुठीला जाऊन टेकावा आणि गाडीने मात्र आपल्या सवडीने थांबावं, हे काही चांगलं लक्षण नव्हे. माझी हिरो होंडा करिझ्मा मोटरसायकल २००३ची. पुढे २७६ मिलिमीटरची डिस्क. त्या काळी लोक वाकून वाकून बघायचे. ती जोडीने काढणाऱ्या दोन कंपन्यांनी २०१० मध्ये काडीमोड जाहीर केला, ब्रेकचा रबरी होज, म्हणजे ऑइलचा पाइप, मात्र दोघींशीही एकनिष्ठ राहिला. बऱ्याच मॅन्युअलांत होज चार वर्षांनी बदला असं छापलेलं असतं, पण मॅन्युअल सापडतं ते गाडी विकायला काढली की. म्हातारं रबर दाबाखाली फुगतं आणि आपल्या बोटांचा जोर डिस्कला चिमटीत धरणाऱ्या कॅलिपरला पोहोचण्याआधी पाइप फुगवण्यात खर्च होतो.

इलाज एकच. आत टेफ्लॉनची नळी, वर स्टीलची विणलेली जाळी. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गेलो. दुकानदाराला फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं की लाल हवा, निळा की सोनेरी. मी विचारत होतो, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवलं तर ताण येणार नाही ना? जाळीवर प्लास्टिकचं आवरण आहे ना? कारण उघडी जाळी जिथे घासेल तिथे कानस चालवते. मग त्याने डॉट ५ जातीचं ब्रेक ऑइल पुढे केलं. मला हवं होतं डॉट ४. नंबर मोठा म्हणजे माल भारी, असा त्याचा सरळ हिशेब. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ४मध्ये मिसळत नाही; पण डॉट ५.१ मिसळतं. हे नंबर ज्याने दिले त्याला एकदा कुर्ल्यात आणून काउंटरमागे बसवलं पाहिजे.

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात बिल्डिंगखाली गाडी उघडणं हा खाजगी कार्यक्रम राहत नाही. पाना हातात घेतला न घेतला तोच तळमजल्यावरचे काका खुर्ची घेऊन आले. "पुढचा ब्रेक कशाला हवाय मुळात? दाबला की माणूस उडतो." थांबताना गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून खरं थांबवायचं काम तोच करतो, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि शेजारच्याला म्हणाले, "उडतो."

होज बसवणं तसं फार नाही. वर एक बँजो बोल्ट, म्हणजे ऑइल आतून जाऊ देणारा पोकळ बोल्ट, खाली एक, प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना तांब्याचा नवा वायसर. टाकीवर जुना टॉवेल पसरायचा, कारण हे ऑइल रंग सोलून काढतं. आणि डबीचं झाकण उघडं टाकून चहाला जायचं नाही. ते हवेतला दमटपणा पितं. कोरडं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी प्यायलेलं १५५लाच उकळू शकतं. आणि मुंबईत पाणी प्यायला त्याला कुठे लांब जावं लागत नाही.

खरी गंमत ऑइलमध्ये अडकलेली एअर काढण्यात. एकाने लिव्हर दाबून धरायचा, दुसऱ्याने खाली कॅलिपरवरचा निपल सैल करून बुडबुडे जाऊ द्यायचे आणि निपल घट्ट झाल्यावरच पहिल्याने लिव्हर सोडायचा. आधी सोडला की गेलेली हवा परत आत. लिव्हरवर बाबा बसले. बाबा बेस्टमधून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेत.

"हवा काढतोयस? अरे, आमचे एअर ब्रेक होते. हवा संपली तर बस जागची हलायची नाही. आम्ही हवेवर थांबवायचो गाडी."

"बाबा, हिच्यात ऑइलने थांबते. हवा दबते, ऑइल दबत नाही."

"मग बेस्टवाले काय वेडे होते?"

'दाब', 'सोड' असं ओरडून त्यांना सांगितलं तर ते "काय?" म्हणून लिव्हर सोडून खाली वाकायचे. शेवटी कंडक्टरची भाषा काढली. पान्याने फूटरेस्टवर एक ठोका म्हणजे दाबून धरा, दोन ठोके म्हणजे सोडा. इतकी वर्षं सिंगल-डबल बेलवर गेलेली; बाबा लगेच सुरात आले. बुडबुडे निघू लागले. मी निपल सैल केला, आणि नेमका त्याच वेळी गॅसवाला आला. त्याने पान्याने सिलिंडर वाजवला, टण् टण्. बाबांनी शिस्तीत लिव्हर सोडला.

मग उलटा मार्ग धरला. हवा वर चढते, तर खालूनच ऑइल ढकलायचं. त्यासाठी मोठी सिरिंज. केमिस्टने चष्म्यावरून पाहिलं.

"कुणासाठी?"

"करिझ्मासाठी."

"वय?"

"विशीच्या पुढे."

"लग्न झालंय?"

एवढी विचारपूस करूनही त्याने चिठ्ठी मागितली नाही. संध्याकाळपर्यंत लिव्हर कडक झाला. सर्व्हिस रोडवर जाऊन दाबून पाहिला. गाडी जागच्या जागी उभी. मागचा रिक्षावाला जे बोलला त्यातला 'ब्रेक' एवढा एकच शब्द इथे देता येईल.

परत आलो तर काका स्कूटर घेऊन उभे. "हिचंही बघ. नीट थांबत नाही."

"काका, हिला ड्रम आहे, वायरवर चालतो. हिच्यात हवाच नसते."

"तेच तर. तुझे बाबा म्हणाले, आधी हवा भरून बघ."