पुलाच्या सांध्यात सिमेंट भरू नका

आठवडाभर एक मेसेज फिरतोय: नागपूरचे उड्डाणपूल खांबांना जोडलेलेच नाहीत, रबरावर नुसते ठेवलेत, जागोजागी फटी पडल्यात, गाडी थांबली की पूल हलतो, इंग्रजांचे दगडी पूल मात्र कधी पडत नाहीत. परवा तो मोठ्या आईपर्यंत पोचला. तिने ऑटो पुलाखालच्या गर्दीतून न्यायला लावला आणि दवाखान्याची वेळ चुकली. त्यावर मेसेजच्या शेवटी सल्ला, 'फटी दिसल्या तर सिमेंटने बुजवा.' आमच्या कॉलनीतल्या पोरांनी नाल्यावरच्या पुलाची फट खरंच बुजवली!

अरे, ती फट म्हणजे पुलाचा सांधा, मुद्दाम ठेवलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, डिसेंबरात १० च्या खाली येतो. ३० मीटरचा काँक्रीटचा गाळा, म्हणजे दोन खांबांमधला पुलाचा भाग, ३० अंशांच्या फरकाने साधारण १ सेंटीमीटर लांबतो. त्याला सरकायला जागा हवी. हिवाळ्यात फट उघडलेली असताना तुम्ही ती सिमेंटने भरलीत, तर उन्हाळ्यात स्लॅब जाणार कुठे? कडा फुटतात, पुलाच्या टोकाच्या टेकूच्या भिंतीवर रेटा येतो. धडधाकट पुलाला तडे आपणच पाडायचे का?

रबराचंही तेच. ती बेअरिंग आहेत, आत पोलादी पत्रे असतात. गर्डरचं, म्हणजे रस्ता पेलणाऱ्या तुळईचं, वजन खांबावर उतरवायचं आणि त्याला थोडं सरकू द्यायचं, हे त्यांचं काम. जड ट्रक गेल्यावर हलकं थरथरणंही चालतं.

सांध्याच्या पट्ट्या उखडल्यात, गाडी दणके खाते, पाणी झिरपून खाली बेअरिंगवर पडतं, ही तक्रार मात्र खरी आहे. तेवढं मान्य. पण त्यावर उपाय सांधा बदलणं हा आहे.

आणि इंग्रजांचे पूल? महाडचा सावित्रीवरचा पूल १९२८ चा, दगडी कमानींचा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला, दोन एसटी गाड्यांसकट. दगड दाब उत्तम सोसतो, पण म्हणून तो अमर नाही. आपल्या नागपुरात गड्डीगोदामला रेल्वेवरून १,६०० टनांहून जास्त वजनाचा पोलादी सांगाडा टाकलाय. दगडी कमानींना लागणारे खांब रुळांवर कुठे उभे करणार होतात?

नाल्यावरचं ते सिमेंट काढण्यासाठी झोन कार्यालयात अर्ज दिलाय. मार्च लागायच्या आत ते निघालं पाहिजे.