‘उघडलेलं इंजिन म्हणजे संपलेलं इंजिन’ हे ठरवलं कुणी?

गाड्यांबद्दलचा एक मेसेज फिरत फिरत दर दोन-चार महिन्यांनी परत येतो. त्यातला मजकूर थोडक्यात असा: ‘गाडीचं इंजिन गेलं तर ते बांधून घ्यायच्या भानगडीत पडू नका. कंपनीत बांधलेलं इंजिन एकदा खोललं की पुन्हा तसं होत नाही. त्यापेक्षा अपघातात मोडलेल्या, कमी चाललेल्या गाडीचं इंजिन घ्या. किलोमीटर बघा, चालू करून आवाज ऐका, कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये पिस्टन हवा किती दाबतो ते) मोजा आणि बसवा. निम्म्या खर्चात, दोन दिवसांत गाडी दारात.’

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसावा. बांधलेलं इंजिन सहा महिन्यांत पुन्हा धूर मारायला लागलं की माणूस असंच लिहिणार. शिवाय जुनं इंजिन बसवा, असा सल्ला काही वेळा मीही देतो. पण मेसेजमध्ये त्यासाठी जी कारणं दिली आहेत, ती एकेक करून हातात घेतली की फार थोडी टिकतात.

पहिलं आणि सगळ्यात लाडकं कारण: एकदा खोललं की गेलं. इंजिनात खोलल्यावर उडून जाईल असं काही भरलेलं नसतं. तिथे असतात ती ठरलेली अंतरं. क्रँक (पिस्टनच्या वर-खाली हालचालीनं फिरणारा मुख्य दांडा) आणि त्याच्या बेअरिंगमध्ये तेलासाठी सोडलेली फट साधारण ०.०२ ते ०.०५ मिमी असते. डोक्याचा केस याहून जाड. झिजलेला क्रँक ०.२५ मिमीनं घासून गोल केला, त्या हिशेबानं जास्त जाड बेअरिंग टाकली आणि फट पुन्हा त्या मापात आणली, तर बोल्ट कारखान्यात आवळला की गॅरेजमध्ये, हे क्रँकला कळायचा मार्ग नाही. विमानांचं बघा. छोट्या विमानांत सर्रास दिसणाऱ्या लायकमिंग ओ-३६० जातीच्या बऱ्याच इंजिनांना साधारण २,००० तासांनी पूर्ण खोलून ओव्हरहॉल करा, असं खुद्द बनवणारी कंपनीच सांगते. उघडलेलं इंजिन संपलेलं असतं, तर ती विमानं कधीच जमिनीवर बसली असती. मोटारींतही हे नवं नाही. रेनोनं पॅरिसजवळच्या शुआझी-ल-र्वा इथे जुनी इंजिनं पुन्हा बांधायचा कारखाना १९४९ मध्येच सुरू केला.

मग हा समज आला कुठून? माझ्या मते शब्दांच्या घोळातून. ‘इंजिन बांधलं’ या दोन शब्दांत काहीही बसतं. एकजण ब्लॉक धुऊन, बोअर (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी) मापून, तो कापून-घासून पुन्हा गोल करून (बोअरिंग-होनिंग), क्रँक घासून, हेड म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण सपाट करून (फेसिंग) आणि व्हॉल्व्हचं काम करून देतो. दुसरा इंजिन गाडीतच ठेवून चेंबर (तळाचं ऑइलचं भांडं) आणि हेड उतरवतो, पिस्टन वर ओढतो, त्यांच्याभोवतीच्या नव्या रिंगा घालतो आणि झाकण लावतो. बिलावर दोघंही लिहितात ‘इंजिन काम’. या दुसऱ्या प्रकारात काय होतं ते बघा. बोअर सगळीकडून सारखा झिजत नाही. वरच्या टोकाला, जिथे रिंगा वळतात, तिथे सगळ्यात जास्त झिजतो, आणि पिस्टनचा रेटा ज्या बाजूंना बसतो त्या बाजूंना अधिक झिजतो. म्हणजे तो वर रुंद, खाली अरुंद आणि किंचित लंबगोल होतो. अगदी वर, रिंग पोचतच नाही तिथे, न झिजलेली एक कड शिल्लक राहते. बोट फिरवलं तर नखाला अडकते. अशा बोअरमध्ये गोल, नवी रिंग टाकली तर ती सगळीकडे टेकत नाही, आणि कधी त्या कडेला आपटून तुटतेही. ऑइल खाणं सुरू राहतं. दोष मग ‘बांधणीला’ लागतो, कारण झाली नाही ती बांधणीही बांधणीच्याच नावावर विकली गेलेली असते.

विमानाच्या जगानं हा घोळ कागदावर मिटवला आहे. अमेरिकेच्या हवाई नियमांतल्या ४३.२ या कलमात ‘ओव्हरहॉल’ आणि ‘रिबिल्ट’ हे दोन वेगळे शब्द आहेत. रिबिल्ट म्हणायचं तर इंजिन नव्या इंजिनाच्याच मापांत आणि मर्यादांत उतरलं पाहिजे. गंमत म्हणजे त्यात जुने भाग वापरायला किंवा मान्य केलेल्या ओव्हरसाइझ-अंडरसाइझ (मूळ मापाहून ठरावीक मोठ्या किंवा लहान) मापांना बंदी नाही. गॅरेजच्या बिलावरच्या ‘इंजिन काम’ या शब्दांमागे असा दंडक नसल्यामुळे ‘नक्की काय काय केलं?’ हे आपणच विचारावं लागतं.

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्याच्या बाजूनं मान्य करतो. काही इंजिनं खरोखरच साध्या बोअरिंगला दाद देत नाहीत. लोखंडी लायनर नसलेले, लेप दिलेले ॲल्युमिनियमचे बोअर हे त्यातलं ठळक उदाहरण. १९९०च्या दशकात बीएमडब्ल्यूच्या एम६० या व्ही-८ इंजिनांत बोअरला निकासिल नावाचा लेप होता. जास्त गंधक असलेल्या पेट्रोलनं तो खराब झाला, तेव्हा कंपनीला ब्लॉक बदलून द्यावे लागले. तुमच्या इंजिनाला ओव्हरसाइझ पिस्टन मिळतच नसेल, किंवा लेपाचं काम करणारा हाताशी नसेल, तर चांगलं जुनं इंजिन शोधणं हाच शहाणपणा. पण यात अडचण त्या विशिष्ट ब्लॉकच्या घडणीची असते, झाकण उघडल्याची नसते.

दुसरं: किलोमीटर बघा. कुठे बघणार? मीटर डॅशबोर्डवर असतो आणि इंजिन तुमच्यापुढे लाकडी फळीवर ठेवलेलं असतं. मधली तार कापलेली आहे. आकडा तोच, जो विकणारा सांगेल. तो खरा धरला तरी किलोमीटर म्हणजे झीज नव्हे. १ लाख किलोमीटर ताशी सरासरी ६० नं काटले तर इंजिन सुमारे १,७०० तास फिरलं. ताशी २० च्या सरासरीनं, सिग्नलला थांबत थांबत काटले तर ५,००० तास. आकडा एकच, आयुष्य तिप्पट खर्च झालेलं. त्यात थंड इंजिन किती वेळा चालू केलं आणि ऑइल वेळेवर बदललं का, हे वेगळंच.

आणि अपघाताची गाडी म्हणजे इंजिन ठणठणीत, हे गृहीतक तर विचित्रच आहे. समोरून ठोकर बसली की पहिला बळी रेडिएटरचा. पाणी वाहून गेल्यावर इंजिन आणखी चार मिनिटं चालत राहिलं असेल तर हेड वाकलेलं असू शकतं. गाडी उलटून इंजिन चालू राहिलं असेल तर पंपानं ऑइलऐवजी हवा ओढली असणार. पुरात बुडालेल्या गाडीचं असेल तर पाणी दाबलं जात नाही म्हणून कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो. सगळं नीट असूनही इंजिन वर्षभर उघड्यावर पडलेलं असेल, तर ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिला त्यात दमट हवा शिरून गंज धरतो.

तिसरा मुद्दा आवाजाचा, आणि इथे मला एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. ओळखीतल्या एकानं असंच एक इंजिन आणलं. त्यानं ते चालू करून ऐकलं होतं. शिलाई मशीनसारखं चालत होतं. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकमेकांना धरून. चेंबरच्या सांध्यातून थोडं ऑइल पाझरत होतं, म्हणून गाडीत चढवण्याआधी सीलंट बदलायला चेंबर उतरवला. आतलं ऑइल मधासारखं घट्ट. ऑइल खेचणाऱ्या जाळीवर काळा मळ बसलेला, आणि बॅटरी मारली तर त्या मळात बारीक चकाकणारे कण. शंका आली म्हणून एका रॉडची कॅप खोलली. बेअरिंगचा शेल कडेला राखाडी होता आणि मधोमध तांबूस. ते तांबं दिसायला नको. वरचा मऊ थर पूर्ण गेला की खालचा तांब्याचा थर उघडा पडतो. झिजलेल्या बेअरिंगचा ठोका घट्ट ऑइलनं तेवढ्यापुरता दाबून ठेवला होता. गाडीत बसवून, योग्य ग्रेडचं ऑइल घालून चालवलं असतं तर काही दिवसांतच ‘टक टक’ सुरू झाली असती.

म्हणून आवाज ऐकायला जरूर जा, पण चालू करण्याआधी ब्लॉकवर तळहात ठेवा. कोमट लागला तर तुम्ही यायच्या आधीच ते फिरवून तयार ठेवलंय. थंड इंजिनाचे पहिले काही सेकंद जे सांगतात ते गरम इंजिन लपवतं.

त्या प्रसंगातच चौथ्या मुद्द्याचं उत्तर आहे. कॉम्प्रेशन मोजणं चांगलंच, पण ते इंजिनाच्या फक्त वरच्या मजल्याची खबर देतं: रिंगा, व्हॉल्व्ह, हेड गॅस्केट. खालच्या मजल्यावर क्रँक, बेअरिंग, ऑइल पंप यांचं काय चाललंय हे गेजला कळत नाही. शिवाय मोजायची रीत असते. इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. आकडा किती यापेक्षा सिलिंडरांत फरक किती हे आधी बघायचं; १०-१५ टक्क्यांच्या वर गेला तर थांबा. ज्यात कमी आलं त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. दाब वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. हीच युक्ती उलटी वापरून आधीच बोअरमध्ये ऑइल सोडून ठेवलं तर मरगळलेलं इंजिनही छान आकडा दाखवतं. खालच्या मजल्यासाठी ऑइलचा दाब मोजायचा, तोही इंजिन गरम करून, संथ चालीवर, काट्याच्या गेजनं. डॅशबोर्डवरचा दिवा बहुतेक गाड्यांत दाब अर्ध्या बारच्या आसपास उतरल्याशिवाय लागतच नाही. तो विझलेला आहे, यात आनंद मानण्यासारखं फार काही नाही.

निम्मा खर्च, दोन दिवस? इंजिनापुरतं बोलायचं तर खरंही असेल. पण जुनं इंजिन बाहेर असतानाच टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि क्रँकचं मागचं सील बदलून घ्यावं लागतं. नाहीतर मागचं सील गळलं की निदान गिअरबॉक्स तरी पुन्हा उतरवायचा. विकणाऱ्याची हमी असलीच तर बहुधा इंजिनापुरती. उतरवण्या-चढवण्याची मजुरी दोन्ही वेळा तुमची. एकाच नावाच्या इंजिनांतही वर्षागणिक सेन्सर बदलतात, त्यामुळे कोड जुळवून पाहिला नाही तर वायरिंग आणि ईसीयूवरच (इंजिन चालवणाऱ्या संगणकावर) दोन दिवस जातात. इंजिन नंबर गाडीच्या कागदांवर असेल तर ती धावपळ आणखी वेगळी.

मी स्वतः कधी कुठलं निवडतो? गाडी दोनेक वर्षांत विकायची आहे, आणि देणारी गाडी अजून उभी आहे, तिच्यातच इंजिन थंड चालू करून, दाब मोजून, चेंबर उतरवून बघता येतंय, तर जुनं. गाडी ठेवायची आहे, स्वतःचा ब्लॉक शाबूत आहे आणि बांधणारा मापं लिहून देतोय, तर बांधलेलं. मापं म्हणजे प्रत्येक बोअरची वर-मध्ये-खाली आणि आडवी-उभी, क्रँकच्या प्रत्येक जर्नलची (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाची), हेडच्या सपाटपणाची. तो कागद मागितल्यावर समोरचा हसला, तर तिथून गाडी उचलायची.

मेसेजनं ज्याला हातच लावला नाही असा एक प्रश्न राहतो: पहिलं इंजिन मेलं कशानं? बांधलेली काय आणि जुनी आणून बसवलेली काय, बरीच इंजिनं या एका प्रश्नाच्या उत्तराअभावी जातात. बेअरिंग फुटून गेलेल्या इंजिनाचा धातूचा चुरा ऑइल कूलरच्या बारीक नळ्यांत, टर्बोच्या लाइनमध्ये अडकून बसतो. तो कूलर तसाच नव्या इंजिनाला जोडला की पहिल्या तासाभरात चुरा सुटून थेट नव्या बेअरिंगमध्ये. फिल्टर आहे की, असं कुणी म्हणेल. पण कूलर फिल्टरनंतर असेल तर मध्ये अडवायला कुणी नाही. असा कूलर धुऊन भागत नाही, बदलावाच लागतो. तापून गेलेल्या इंजिनाच्या जागी दुसरं बसवलं आणि अर्धा चोंदलेला रेडिएटर तोच ठेवला, तर नवं इंजिन कुणाचं होतं याला काही अर्थ उरत नाही.

बांधणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं. हमीसह मिळणाऱ्या बांधलेल्या इंजिनाच्या ब्लॉकवर आणि हेडवर पुष्कळदा एक छोटी गोल चकती चिकटवलेली असते. तिच्या मधला ठिपका साधारण १२५ अंश सेल्सिअसला वितळतो. हमी मागायला गेलात की बांधणारा आधी त्या ठिपक्याकडे बघतो, मग तुमच्याकडे. तुम्ही इंजिन ताब्यात घेतानाच तो शाबूत आहे ना, याचा फोटो काढून ठेवा.