तीन आठवडे झाले, एक फिशफाइंडर ठरंना!

डोकं उठलंय राव. ३ आठवडे झाले, रोज रात्री जेवलं की मोबाईल घेऊन बसतोय आणि मामाच्या नावेला एक साधं फिशफाइंडर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून खोली आणि तळ दाखवणारं मशीन, ठरंना. नाव काळम्मावाडी धरणाच्या बॅकवॉटरला असते, १४ फुटी फायबरची, मागं छोटं इंजिन. मामाचं मागणं एवढंच, की खोली किती ते दिसू दे आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की जे खडक आणि जुनी खोडं वर येतात ती आधी कळू देत, कारण गेल्या मे महिन्यात जाळं पण फाटलं आणि पंख्याचं पातं पण गेलं. माशाचं नाव सुद्धा काढलं नाही त्यानं, मासा त्याला पाण्याकडं बघून कळतोय.

आता ह्या दोन गोष्टींसाठी काय काय विकतात बघा. नकाशा! सगळ्या मशीनमध्ये समुद्राचा नकाशा भरलेला, बंदरं काय, दीपस्तंभ काय, आणि मी आपलं धरण शोधलं तर नुसता निळा डाग. खोलीचा एक आकडा नाही. पैसे मात्र नकाशासकट. एका ठिकाणी फोन केला तर पलीकडनं विचारतोय, सर तुमचं बंदर कुठलं? कोल्हापूर म्हटल्यावर गप्पच झाला बिचारा.

बरं खोलीचं म्हणाल तर आपल्याला २०० किलोहर्ट्झचा आवाज सोडणारं मशीन भरपूर झालं, ५० वालं खोल समुद्रासाठी असतंय, धरणात कशाला पाहिजे. पण २०० चा आवाज साधारण २० अंशाच्या कोनात खाली जातो, म्हणजे १० मीटर पाण्यात तळाला जेमतेम साडेतीन मीटरचा गोल दिसणार, आणि तो पण नावेच्या खालचा! खालचा!! म्हणजे खडक स्क्रीनवर आला तोवर आपण खडकावर. पुढचं बघायचं तर लाइव्ह सोनार घ्या म्हणे, त्याची किंमत बघितली आणि मोबाईल पालथा घातला, नावेपेक्षा महाग आहे ते.

मग कोणतरी सुचवलं की मशीन घेऊन सगळ्या धरणात फिरा, आपला आपण नकाशा तयार होतो. होतो की! पण दिवाळीत काढलेला नकाशा मे महिन्यात काय कामाचा, पाणी किती खाली गेलेलं असतंय, तेवढं रोज मशीनमध्ये वजा करून भरत बसायचं. मामा अजून खोली पुरुषात सांगतो, दोन पुरुष, तीन पुरुष. त्याला मेनूत जाऊन ऑफसेट भर म्हणून कोण सांगणार, मी? तिकडं राधानगरीचे ७ दरवाजे पाणी भरलं की आपले आपण उघडतात, त्याला ना मेनू ना अपडेट.

आणि ट्रान्सड्युसर! फोटोत मशीनसोबत ट्रान्सड्युसर झकास दाखवायचा आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहायचं की फक्त डिस्प्ले मिळेल. अरे ट्रान्सड्युसरशिवाय ते मशीन म्हणजे नुसता टीव्ही आहे, पाण्यात आवाज सोडणारं आणि परत ऐकणारं तेच तर असतंय. वेगळा घ्यावा म्हटलं तर एका कंपनीची पिन दुसरीला बसत नाही. असल्या गोष्टी वाचल्या की दुकानदाराला बोलवून रंकाळ्यात बुडवावा वाटतंय.

माशाची चित्रं दाखवणारं फीचर तर बघूच नका. बुडालेल्या झाडाची फांदी असली तरी गोंडस मासा काढून दाखवतंय. मामाला ते दिसलं तर तो त्या फांदीवर जाळं टाकणार नाही, मशीनच पाण्यात टाकेल.

शेवटी ५ इंची साधं एक आणि ७ इंची जरा बरं एक अशी दोन उरलीत. ५ इंचीवर भर उन्हात मामाला आकडा दिसायचा नाही, त्याला चष्मा लागलाय पण तो घालत नाही. ७ इंची बजेटच्या बाहेर, वर १२ व्होल्टची बॅटरी वेगळी घ्यायची. आणि ह्या सगळ्यात मामानं उत्साहात उद्यमनगरातनं स्टीलचं ब्रॅकेट करून पण आणलंय! मशीन नाही, साईज माहीत नाही, ब्रॅकेट तयार. काल रात्री ११ ला फोन, "भाच्या, भोकं कुठं पाडू?"