कोथरूडमधल्या रोड क्रॉसिंगच्या (रस्त्याखालून आडवं बोअर मारून पाइप ओढण्याच्या) कामाबद्दल – मालकाचं उत्तर

नमस्कार साहेब. पार्किंगमध्ये बेंटोनाइटचा, म्हणजे बोअर मारताना पाण्यात कालवून वापरतात त्या चिकणमातीचा, गाळ सांडला आणि दोन दिवस तसाच राहिला, ही चूक आमचीच. त्याबद्दल माफी मागतो.

पण एक स्टार देताना आपण लिहिलंत, "मशीन बंद, पोरं पाइपाशेजारी मोबाइल बघत बसलेली, आणि पैसे मात्र आमच्याकडून." हे वाचून त्या रात्री जेवण गेलं नाही. आपला रेट बोअरच्या लांबीवर, मीटरमागे ठरला होता, दिवसावर नाही. कोटेशन काढून बघा.

पोरं बसली होती, खरंय. आपली लाइन 160 एमएम एचडीपीई, म्हणजे जाड प्लास्टिकच्या, 12 मीटरच्या नळ्यांची. बोअर 78 मीटर, म्हणजे सात नळ्या आणि सहा जॉइंट. प्रत्येक जॉइंटला दोन्ही तोंडं तासायची, 220 अंशांच्या आसपास तापलेल्या प्लेटवर धरायची, एकमेकांवर दाबायची आणि तो दाब तसाच ठेवून थंड होऊ द्यायची. त्यात पंधरा-वीस मिनिटं जातात. तेवढा वेळ हात लावायचा नसतो. मग पोरानं काय करावं, उभं राहून पाइपाकडे बघत बसावं? आपण दोनदा खाली येऊन "चिकटलं ना, ओढा आता" म्हणालात. तेव्हा ओढलं असतं आणि जॉइंट रस्त्याच्या मध्यावर सुटला असता, तर हाच रिव्ह्यू कसा असता?

एकेक जॉइंट करत थोडं थोडं का नाही ओढलं, असंही आपण विचारलंत. ओढणं मध्ये थांबलं की बोअरमधलं बेंटोनाइट घट्ट व्हायला लागतं आणि पाइप आतच अडकायची भीती असते. म्हणून आधी सगळी लाइन जोडून ठेवतो आणि एका दमात ओढतो.

बाकी उशीर काळ्या खडकाचा. मुरूम संपल्यावर मशीनचं बिट, म्हणजे पुढचं कापायचं टोक, बदलावं लागलं. शिवाय पहिल्या दिवशी पिटच्या (बोअर सुरू करायच्या खड्ड्याच्या) जागेवर अकरा वाजेपर्यंत एक पांढरी गाडी उभी होती. कोणाची, ते इथे लिहीत नाही.

सतरा वर्षं या धंद्यात आहे. आपली लाइन टेस्टिंगला एकदाही गळली नाही, ते रिव्ह्यूत कुठे दिसलं नाही.

यापुढे गाळ उचलायला टँकर आधीच सांगून ठेवू, जमेल तसं. पार्किंग धुवायला रविवारी माणूस पाठवतो. गेटवर तेवढं सांगून ठेवा, मागच्या वेळी वॉचमननं त्याला परत पाठवलं होतं.