आंबट द्राक्षं बापाने खाल्ली, दात मुलांचे का आंबावेत?

"ख्रिश्चन लोक तान्ह्या बाळालाही पापी समजतात." हे वाक्य नाशिकमध्ये दोन्हीकडून ऐकू येतं. बाहेरचे टोमणा म्हणून मारतात, आणि आपल्यातलेच काही उपदेशक व्यासपीठावरून तेच ठासून सांगतात. गंमत म्हणजे दोघांच्या हातात वचन एकच असतं, बायबलमधलं स्तोत्र ५१:५. 'मी जन्माचाच पापी आहे.'

स्तोत्राचं शीर्षक न वाचता थेट पाचव्या वचनावर उडी मारली की घोळ होतो. दावीद राजाने बथशेबाशी व्यभिचार केला, तिच्या नवऱ्याला लढाईच्या तोंडी देऊन मारवलं, मग नाथान संदेष्ट्याने त्याला समोर उभं राहून जाब विचारला. त्यानंतरचं हे स्तोत्र. पश्चात्तापाने पिळवटलेला माणूस स्वतःबद्दल बोलतोय, जगातल्या समस्त बाळांबद्दल सिद्धांत मांडत नाहीये. पूजेत प्रदक्षिणा घालताना 'पापोऽहं पापकर्माहं पापात्मा पापसंभवः' म्हणतातच की! त्यावरून कुणी हिंदू धर्मात मूळ पाप, म्हणजे पहिला माणूस आदाम याच्याकडून प्रत्येकाला जन्मतःच आलेलं पाप, शोधायला जात नाही. स्तोत्र ५८:३ चंही तेच. दुष्ट लोक आईच्या पोटातून निघताच खोटं बोलत बहकतात, असं तिथे म्हटलंय. ज्याला अजून बोलताच येत नाही तो खोटं काय बोलणार? ही कविता आहे, आणि तीही रागाच्या भरातली. तीनच वचनं पुढे गेलात तर त्या दुष्टांचे दात पाड, अशी देवाकडे मागणी आहे.

आता मुद्द्यावर येतो. माणसाचा कल वाईटाकडे असणं वेगळं आणि जन्मतःच गुन्हेगार असणं वेगळं. कल आहे, हे शास्त्र साफ सांगतं. उत्पत्ती ८:२१ मध्ये मनुष्याच्या मनातल्या कल्पना 'बाळपणापासून' वाईट आहेत असं आहे. पण दोष? त्यासाठी यहेज्केलचा अठरावा अध्याय सबंध वाचा, एक वचन उचलू नका. बाबेलच्या बंदिवासात पडलेले लोक म्हणत होते, बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि दात मुलांचे आंबले. आपल्या जिल्ह्यात ही म्हण समजावून सांगायची गरज नाही. देव म्हणतो, ही म्हण पुन्हा तोंडातून काढू नका. जो पाप करील तो मरेल, मुलगा बापाचा दोष वाहणार नाही. यिर्मया ३१ मध्येही हेच. अनुवाद या पुस्तकातलं १:३९ तर आणखी स्पष्ट आहे. अविश्वासामुळे मोठ्यांना वचनदत्त देश नाकारला जातो, पण ज्या लेकरांना बऱ्यावाइटाची समज नाही ती तिथे जातील.

निर्गम २०:५ पुढे केलं जातं, तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत शासन. बापाच्या कर्जाने मुलांचं घर जातं हे खरंच आहे, पण म्हणून कर्ज मुलांनी काढलं असं होत नाही.

मग बाळाच्या अंगावर दोष आला कुठून? मुख्यतः ऑगस्टिन या प्राचीन बिशपकडून. आदामाचं पाप वारशाने येत नाही असं मानणाऱ्या पेलागियसच्या विचारांशी झालेल्या वादात त्याचा एक युक्तिवाद असा होता: मंडळी, म्हणजे चर्च, बाळांना पापक्षमेसाठी बाप्तिस्मा (पाण्याने होणारा दीक्षासंस्कार) देते, बाळाने स्वतः तर काही केलेलं नाही, म्हणजे पाप आदामाकडून आलेलं असणार. प्रथा आधी, सिद्धांत तिच्या आधाराला! मला हे उलटं वाटतं. ४१८ च्या कार्थेजच्या परिषदेने त्याची बाजू उचलली, १५४६ मध्ये कॅथलिकांच्या ट्रेंट परिषदेने पुन्हा शिक्कामोर्तब केलं. मार्टिन लूथरच्या अनुयायांनी, लुथेरनांनी, १५३० च्या ऑग्सबर्ग विश्वासपत्रात मूळ पापाला खरोखरचं पाप म्हटलं. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांची शिकवण मात्र साधारण अशी की आदामाकडून मरण आणि बिघाड आला, त्याचा गुन्हा नाही. आणि कॅथलिकांवर टीका करणाऱ्यांनी त्यांच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथातले ४०४ आणि ४०५ हे परिच्छेद जरूर वाचावेत. मूळ पाप ही 'केलेली' नव्हे, 'लाभलेली' अवस्था आहे आणि कुणाचाही वैयक्तिक दोष नाही, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. टोमणा मारणाऱ्यांना वाटतं तेवढं ते सरळ नाही.

म्हणूनच एकाच शहरात कॅथलिक चर्चमध्ये बाळाचा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्माच, होतो, तर पेंटेकॉस्टल मंडळीत बाळाचं फक्त समर्पण होतं आणि समज आल्यावर, स्वतः विश्वास कबूल केल्यावर, पाण्यात बुडवून बाप्तिस्मा. बायबल दोघांचं एकच.

माझ्या मताला सर्वांत अवघड जाणारं वचन रोमकरांस ५:१९ आहे: एकाच्या आज्ञाभंगाने पुष्कळ जण पापी ठरले. ते टाळता येत नाही. पण त्याच वाक्याचा दुसरा अर्धा भाग म्हणतो, एकाच्या आज्ञापालनाने पुष्कळ जण नीतिमान ठरतील. पहिल्या अर्ध्यात सगळं आपोआप, माणसाने काही न करता घडतं असं धरलं, तर दुसऱ्यातही तसंच धरावं लागेल. मग विश्वास ठेवा म्हणून कुणाला सांगायची गरजच उरणार नाही. बाळाला दोषी ठरवणारे उपदेशक याला तयार आहेत का? असतील तर कमेंटमध्ये वचनासकट लिहा, पण अख्खा अध्याय वाचून.